गांजा : होय / नाही

१. रुग्णाचं पूर्ण नाव

आयोनी अमांडा फेसी.

चर्चमध्ये भगिनी फेसी. घरी आई. कुंपणापलीकडून तिचा धाकटा भाऊ झेफ हाक मारतो तेव्हा ‘डीकनबाई’. हे शेवटचं नाव तो शिवीसारखं फेकतो आणि तीही शिवीसारखंच घेते.

सोमवारी सकाळी सहाला तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. साडेसातपर्यंत दोन टॉवेल भिजले. टॅक्सीवाल्याने आधी सीटवर प्लास्टिक अंथरलं, मगच आम्हाला बसू दिलं. नऊ वाजता ती पॅरिशच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हॉस्पिटलात कॉटवर होती. नाकपुड्यांत कापसाचे बोळे, उजव्या मांडीवर वांग्याच्या रंगाचा डाग, बशीएवढा. कुठे आपटलीस? कुठेच नाही. मी पडद्याच्या अलीकडे बाकावर, मांडीवर हा फॉर्म.

२. वय

सदुसष्ट.

"पासष्ट लिही," पडद्यामागून आवाज आला. नाकात कापूस असल्यामुळे तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटत होता.

"आई, तुझा जुना फॉर्म आहे त्यांच्याकडे."

"मग नवा कशाला? त्याचीच नक्कल कर की. मास्तरीण आहेस ना? पोरांना तेच तर शिकवतेस."

नक्कल करता आली असती. दोन वर्षांपूर्वीचा तो फॉर्मही मीच भरला होता. आणि गोम तिथेच होती, पण ते मला अजून कळलं नव्हतं.

३. धर्म / चर्च

माउंट हरमन असेंब्ली. आई तिथे बावीस वर्षं डीकन, म्हणजे चर्चची मानाची सेवेकरी, आहे. उपवासाच्या बुधवारी ती पहिल्या बाकावरून उठते आणि तरुणांना धुराबद्दल सांगते. धूर म्हणजे गांजाचा. उदाहरण घरातलंच आहे. झेफमामाचा मुलगा आयझॅक चौदाव्या वर्षी ओढायला लागला आणि एकोणिसाव्या वर्षी त्याला बंद रेडिओतून हाका ऐकू यायला लागल्या. आता तो चौरस्त्यावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक बसला त्या बसचेच अपराध वाचून दाखवतो. आई त्याचं नाव घेत नाही. "माझ्याच रक्ताचा एक मुलगा," एवढंच म्हणते, आणि अख्खं चर्च हळहळतं.

नर्स पिनॉक त्याच चर्चमध्ये गाते. आज ड्यूटीवर तीच होती.

४. जुने आजार

लहानपणीच्या तापाने हृदयाची एक झडप खराब झाली. दोन वर्षांपूर्वी राजधानीत, किंग्स्टनला, धातूची झडप बसवली. खोली शांत असली की तिच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. भांडताना आई गप्प बसली तर मी कान देते. टिकटिक जलद झाली की समजायचं, अजून संपलेलं नाही.

दमा. गुडघे. दोन्हींना जागा पुरली नाही. एकाच ओळीत कोंबले.

५. चालू औषधं

रक्त पातळ ठेवणारी गुलाबी गोळी, रोज संध्याकाळी.

रक्त घट्ट झालं तर झडपेवर गाठ धरते, झडप अडकते, नाही तर गाठ सुटून मेंदूत जाते. रक्त फार पातळ झालं तर आज जे चाललं होतं ते होतं. या दोन मरणांच्या मधून एक पायवाट जाते, अडीच ते साडेतीन या आकड्यांची. दर महिन्याला क्लिनिकमध्ये रक्त काढतात आणि आई पायवाटेवर आहे की नाही ते कार्डावर लिहितात.

जानेवारी, चर्चचा एकवीस दिवसांचा उपवास चालू असताना: १.८. "कॅलालू खाता का?" "रोज. कोण खात नाही?" पालेभाजी गोळीला मारते म्हणे. कॅलालू बंद. गोळी वाढवली.

फेब्रुवारी: ४.१. गोळी कमी केली.

मार्च, झेफमामाशी कुंपणावरून जुंपली, त्याच्याकडून काहीही घ्यायचं नाही अशी शपथ: २.१. "चोरून भाजी खाल्लीत?" गोळी वाढवली.

एप्रिल, शपथ मोडली: ४.४. गोळी तशीच, पुढच्या महिन्यात बघू.

मे, आज: तो आकडा अजून यायचा होता.

पाच महिने आम्ही सगळ्यांनी मिळून एका पालेभाजीवर खटला चालवला.

६. सध्याची तक्रार

डॉक्टर मराघ हातात कागद घेऊन आली. तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं, केस पेन्सिलीने वर खोचलेले.

"आठ पॉइंट सात," ती म्हणाली. "मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा करून घेतलं. पुन्हा आठ पॉइंट सात. मिसेस फेसी, गोळ्या चुकून दोनदा घेतल्या?"

"मी काय म्हातारी झाले?"

"कुठलं नवीन औषध? सांधेदुखीची गोळी? शेजारणीने दिलेलं काही?"

"शेजारणीने दिलेलं मी मांजरालाही घालत नाही."

"बाटलीतलं काही? पाला? काढा?"

आईने एकदा माझ्याकडे आणि एकदा नर्स पिनॉककडे पाहिलं. पिनॉक सलाइनची नळी सरळ करत होती, कान मात्र आमच्याकडे.

"प्रभूचं नाव घेते. त्याने रक्त पातळ होतं का बघ तुझ्या पुस्तकात."

डॉक्टरने मला पडद्याबाहेर खेचलं. अगदी दंडाला धरून.

"ऐका. मी हा आकडा खाली आणू शकते, त्याचं इंजेक्शन आहे. पण जास्त खाली गेला तर झडप अडकेल आणि मी तुमच्या आईला माझ्या हाताने मारीन. खाली आणलाच नाही आणि डोक्यातली एखादी रक्तवाहिनी फुटली, तर इथे डोक्याचा फोटो काढायचं मशीनसुद्धा नाही. दोरीचं एक टोक माझ्या हातात आहे. दुसऱ्या टोकाला कोण ओढतंय ते मला कळायला हवं. आणि ते बाई सांगत नाहीयेत."

"कोणी नसेलच तर?"

"आठ पॉइंट सात आपोआप होत नाही. फॉर्म नीट भरा. शाळेत शिकवता ना तुम्ही?"

आज जो तो माझी शाळा काढत होता.

७. ॲलर्जी

"लिही," आई म्हणाली. "आगाऊ मुलींची."

८. दारू / तंबाखू / गांजा : होय / नाही

दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नावर आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं होतं की मी प्रश्न पूर्ण वाचलासुद्धा नव्हता. नाही, नाही, नाही. तीन खुणा. शपथेवर सांगते, मी खोटं लिहिलं नव्हतं. माझ्या मनातच आलं नाही.

आमच्याकडे सकाळी गरम जे काही पितात तो चहा. कारल्याच्या वेलीचा कडू काढा, तो चहा. गवती चहा, आलं, पुदिना, कोको, ते सगळं चहाच. आणि कुंपणालगतच्या झाडाची हिरवी पानं उकळून, साखर आणि थोडं दूध घालून इनॅमलच्या मगात जे पितात तोही चहा. त्यानेच मी लहानपणी तापातून उठले. परीक्षेच्या सकाळी मला तोच मिळायचा. गांजा ही वेगळी गोष्ट. गांजा ओढतात. गांजा चौरस्त्यावर असतो, झेफमामाच्या ओसरीवर असतो, आयझॅकच्या डोक्यात असतो. आमच्या स्वयंपाकघरात चहा असतो.

झाड एकच. हे वाक्य मी त्या बाकावर पहिल्यांदा मनात म्हटलं आणि एप्रिलपासून पलंगाखाली असलेली बाटली आठवली.

गुडघे फार धरले आणि दम्याने उचल खाल्ली, तेव्हा झेफमामाने ती कुंपणावरून दिली होती. पांढऱ्या रममध्ये मुरवलेले त्याच झाडाचे तुरे. ती रम छातीला चोळायची, आणि सकाळ-संध्याकाळ दोन चमचे पोटात. दारूच्या थेंबाला न शिवणारी डीकन ती नाक दाबून घ्यायची आणि वर म्हणायची, "औषधाला चव नसते." पाच वर्षांत पहिल्यांदा ती रात्रभर झोपली होती. कठडा न धरता जिना उतरली होती. मीच तिला म्हटलं होतं, आई, तुला हे मानवलं.

पडद्याआड गेले.

"आई, बाटलीचं सांगावं लागेल."

"कुठल्या बाटलीचं?"

"पलंगाखालच्या. आणि चहाचं."

"चहा पिणं गुन्हा झाला वाटतं?"

"इथे गांजाचं विचारलंय."

"मी गांजा घेत नाही." हे ती मोठ्याने म्हणाली. कापसाचा एक बोळा लाल झाला. "शर्नेट, तुझी आई गांजा घेते असं कागदावर लिहिणार तू? लिही. मग रविवारी तूच माझ्या बाकावर बस आणि तूच सांग चर्चला."

"आई, तुझं रक्त थांबत नाहीये!"

"ते वाहतंय ना? वाहू दे. नाव नको वाहायला."

नर्स पिनॉक पुढे आली. तिने माझ्या हातातला फॉर्म पाहिला. ‘होय’वर पेनाचं टोक टेकलेलं होतं, खूण अजून केली नव्हती.

"भगिनी फेसी आणि गांजा? तोंड सांभाळ हं, शर्नेट. आई आहे ती तुझी. मेल्यावर लोक काय म्हणतील याचा तरी विचार कर."

"मेल्यावर म्हणतील ते मेल्यावर बघू. आत्ता काय करायचं?"

"असला कागद मी माझ्या हाताने डॉक्टरकडे नेणार नाही."

"नका नेऊ. मला पाय आहेत."

मी ‘होय’वर खूण केली आणि स्वतः जाऊन फॉर्म डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरने वाचलं, उठली, थेट कॉटपाशी गेली.

"मिसेस फेसी, तुम्ही गांजा वापरता?"

"या मुलीचं आणि माझं जमिनीवरून भांडण आहे," आई शांतपणे म्हणाली. "काहीही लिहील ती. मी मेलेलीच तिला हवी आहे."

आमचं कसलंही भांडण नव्हतं. निदान त्या मिनिटापर्यंत नव्हतं.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग नर्स पिनॉककडे. पिनॉक म्हणाली, "मी बाईंना बावीस वर्षं ओळखते, डॉक्टर. गांजाविरुद्ध बोलतात त्या. सख्ख्या भावाला पोलिसात दिलं त्यांनी."

कागदावर माझी एक खूण. समोर बावीस वर्षांची डीकन आणि तिची साक्षीदार. डॉक्टर म्हणाली, "अंदाजावर मी इंजेक्शन भरणार नाही. किती, कधीपासून, कसलं, हे मला अर्ध्या तासात हवं. कुणीही सांगा."

९. जवळचे नातलग

झेफनाया ऊर्फ झेफ. भाऊ. त्याला सकाळीच निरोप पाठवला होता. तो अकराच्या बसने आला आणि आत न येता आवारातल्या अकीच्या झाडाखाली बसून राहिला. जटा टोपीत बांधलेल्या, पायात टायरच्या चपला, हातात कापडी पिशवी.

भावाला पोलिसात दिलं, ते खरं आहे. शहाण्णव साली. तेव्हा आत्ताच्यासारखी घरटी गांजाची पाच झाडं लावायची सूट नव्हती. पोलीस आले, त्याच्या बाजूची झाडं उपटली, त्याला अकरा महिने आत टाकलं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या जटा कापल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक झाड होतं, त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. आईने पोलिसांना सांगितलं होतं की तिच्या बाजूला गांजा नाही. तो सुटून आला त्या आठवड्यापासून दर शुक्रवारी कुंपणाच्या खिळ्याला ताज्या पानांची जुडी लटकलेली असते. दोघांनी यावर एक अक्षर कधी काढलेलं नाही.

"मामा, बाटलीत काय होतं? किती?"

"का? लागू पडली ना?"

"आई रक्त वाहून मरायला टेकली आहे."

तो उठला, पुन्हा बसला. "माझ्या औषधाने कोणी मेलेलं नाही. डॉक्टरांच्या गोळीने पडली असेल. गोळीला विचारा. काही बिघडलं की तुम्ही आधी माझ्या झाडालाच फासावर चढवता."

"दोन्ही एकत्र घेतलं म्हणून झालंय बहुतेक. त्यांना आकडा हवाय. सांग."

"तिच्या तोंडून काढ."

"ती नाही म्हणते. मी गांजा घेत नाही म्हणते."

झेफमामा हसायला लागला. इतका हसला की केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "म्हणते? अजून? बघ, मी अकरा महिने ज्याच्यासाठी दगड फोडले ते तिच्या पोटात आहे, आणि ती घेत नाही!"

"मामा, तुझं खरं आहे. तुझं सगळं खरं आहे. पण ते खरं ठरेपर्यंत ती जिवंत नसेल."

"मग मला शांत झोप लागेल."

"लागेल?"

त्याने पिशवी जमिनीवर ठेवली.

"आयझॅकच्या वेळी हेच केलंस तू," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. "सगळ्या गावाला माहीत होतं पोराचं काय होतंय ते. तू म्हणायचास, झाड कोणाला बिघडवत नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. मग पिशवी उचलली आणि मला न विचारता वॉर्डाकडे चालायला लागला.

१०. माहिती देणाऱ्याचं नाव व नातं

(इथे मी माझं नाव लिहिलं होतं. ते खोडलंय.)

झेफमामा कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. आईने तोंड फिरवलं. टिकटिक मला पडद्यापासून ऐकू येत होती.

"याला बाहेर काढा," आई म्हणाली. "वास येतोय."

"वास तुझ्या उशीला येतो, डीकनबाई." मग डॉक्टरकडे वळून: "तुम्ही शिकलेली माणसं. प्रश्नसुद्धा पोलिसांसारखा विचारता. ही गांजा घेते का? नाही घेत. विचारा, ही चहा कसला पिते."

डॉक्टर कॉटच्या कडेवर बसली, पेन्सिल केसांतून काढली, आणि सूर पार बदलून म्हणाली, "मिसेस फेसी, सकाळी चहा कसला घेता?"

आणि आईने सांगितलं. इतक्या सहज, इतक्या अभिमानाने, की मला किंचाळावंसं वाटलं.

"सोमवारी, गुरुवारी कारल्याचा पाला, रक्त साफ व्हायला. पोट जड असेल तर आलं. बाकी रोज हिरवा पाला, मूठभर, वीस मिनिटं उकळते, गुडघ्यांना बरा पडतो. पूर्वी एक मग घ्यायचे, एप्रिलपासून तीन. उपवासात अर्थात काही नाही. आणि छातीसाठी याने बाटली दिली आहे, दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, परवापासून तीन-तीन, कारण—"

ती थांबली. तिने नर्स पिनॉकचा चेहरा पाहिला.

"हिरवा पाला म्हणजे कशाचा?" डॉक्टरने विचारलं. पेन्सिल चालूच होती.

या घटकेची झेफमामाने सत्तावीस वर्षं वाट पाहिली असेल, आणि आता तो खिडकीबाहेर बघत होता.

"बाटलीत एक मुठीएवढे तुरे, नव्या बियाण्याचे," तो शेवटी खिडकीलाच म्हणाला. "जुन्यापेक्षा जहाल. तीन आठवडे मुरवलेले."

"पिनॉक, इंजेक्शन," डॉक्टर म्हणाली. "निम्मा डोस. सहा तासांनी पुन्हा रक्त. पाला अंगातून उतरेल तसा आकडा आपोआपही उतरेल. पूर्ण दिलं असतं तर दोन दिवसांत झडप अडकली असती."

पिनॉकने इंजेक्शन भरलं. आईचा दंड तिने धरला तो नेहमीसारखा नाही. मळकी वस्तू पुसण्याआधी धरावी तसा.

"चांगलं की वाईट ते?" आईने एकाएकी डॉक्टरला विचारलं. "एक काय ते सांग. मी उभी राहू शकले त्याने. झोपू शकले. ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. दुखणं कमी करतं, झोप आणतं, मी नाही म्हणत नाही. दम्याचं मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक आहे असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कोवळ्या पोरांच्या डोक्याला ते घातक ठरू शकतं. आणि तुमच्या गोळीबरोबर ते विष आहे. यकृत गोळी मोडून बाहेर टाकतं. हा पाला यकृताचा हात धरून ठेवतो. गोळी साठत जाते."

"मराघ," आई म्हणाली. "तुझे लोक भारतातून बोटीने आले ना, ऊस तोडायला? हे झाडही त्यांच्याच गाठोड्यातून आलं. नावासकट. आणि तू मला शिकवतेस?"

"माझी आजी रोज प्यायची, मिसेस फेसी. नव्वदीला गेली. तिच्या छातीत धातू नव्हता."

आईने डोळे मिटले. नाकातलं रक्त दुपारी दोनला थांबलं. तिने माझ्याशी बोलणं त्याआधीच थांबवलं होतं.

११. डिस्चार्जनंतरच्या सूचना

डॉक्टरने दोन वाटा लिहून दिल्या. एक: बाटली कायमची बंद, चहा हवाच असेल तर रोज एकच मग, तेवढाच पाला, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि गोळी त्या हिशोबाने बसवायची. दोन: सगळंच बंद, आणि दर आठवड्याला रक्त. कॅलालू खा, पण रोज सारखी.

मी वाचून दाखवलं. पहिली वाट मला बरी वाटली, तसं मी म्हटलंही. आई भिंतीशी बोलल्यासारखी बोलली.

"काल तो चहा होता. तू त्याला दुसरं नाव दिलंस, चारचौघांत. आता मी तो तोंडाला लावायचा?"

"नाव मी नाही दिलं. मामाने—"

"त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती."

चर्चमध्ये कोणी काही बोललं नाही. फक्त पुढच्या उपवासाच्या बुधवारी धुराबद्दल बोलायला पास्टरांनी दुसऱ्या बाईला उठवलं. आई पहिल्या बाकावर बसून राहिली. नर्स पिनॉक नंतर भेटली तेव्हा मी विचारलं, तुमच्याकडे सकाळी काय पितात? ती म्हणाली, "नेस्कॅफे." आणि तरातरा निघून गेली.

बाटली आईने स्वयंपाकघराच्या मोरीत ओतली. तीन दिवस घराला रमचा वास होता. शुक्रवारी खिळ्याला जुडी आली. तिने ती तशीच सुकू दिली. पुढच्या शुक्रवारी दुसरी. कुंपणावर आता चार सुकलेल्या जुड्या आहेत आणि झेफमामा एकही काढून नेत नाही.

चहा सुटल्यावर पहिला आठवडा ती झोपली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून जिना उतरायला तिला अकरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावते, तिला कळू न देता. दर पायरीला ती काही तरी म्हणते. प्रार्थना असेल म्हणून मी एकदा कान दिला. माझं नाव होतं ते, आणि त्यापुढे बायबलात नसलेले शब्द.

१२. फेरतपासणी

चौथा बुधवार. क्लिनिक.

"दोन पॉइंट नऊ," डॉक्टर मराघ म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "चार आठवडे सलग पायवाटेवर. कार्डावर असं आधी कधीच झालं नव्हतं, मिसेस फेसी. तुमची झडप शंभर वर्षं चालेल."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांचं काय?"

"या कार्डावर गुडघे कुठे आहेत?"

डॉक्टरने कार्ड उलटलं. मागे फक्त क्लिनिकच्या वेळा होत्या. "तापाची साधी गोळी घ्या, दिवसाला दोन, जास्त नको. जास्त झाली तर तीही रक्त..."

"पातळ करते. हं."

"पहिली वाट अजून मोकळी आहे," डॉक्टर खाली वाकून, हळू आवाजात म्हणाली. "एक मग. मी आकडा सांभाळीन. मनापासून सांगते. दुखणं अंगावर काढण्यात काही पुण्य नाही."

मी आईकडे पाहिलं. हो म्हण. एकदा हो म्हण, मग जन्मभर मला शिव्या दे.

"मी गांजा घेत नाही," आई म्हणाली.

या वेळी ते शब्दशः खरं होतं. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले, आणि तिने तसं लिहून घेतलं.

मग आईने खुर्चीचे दोन्ही हात धरले. पहिल्यांदा उठता आलं नाही. मी हात पुढे केला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कुणा परक्याचा हात तिच्या पर्समध्ये सापडलाय. दुसऱ्यांदाही जमलं नाही. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं, दारात एक बाई येऊन थांबली, डॉक्टर टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिली. तिसऱ्यांदा आई उठली.

"जाऊ दे तिला आधी पुढे," ती दारातल्या बाईला म्हणाली, माझ्याकडे बोट करून. "मला सावकाश यायचंय."